डोळ्यातील गाठ संसर्गाची की कर्करोगाची : निदानापर्यंत कसे पोहोचावे

डोळ्यात किंवा डोळ्याभोवती गाठ दिसली की घरात दोन तट पडतात. एकाचे म्हणणे असते की उष्णता झाली असेल, चार दिवसांत बसेल. दुसरा त्याच रात्री कर्करोगाच्या नावाने हाय खातो. दोघांचेही म्हणणे अधूनमधून खरे ठरते, ही यातली खरी अडचण आहे. क्षयाचे जंतू, कुत्र्याच्या आतड्यातील जंताची अळी, पट्टकृमीची पुटी (पाण्याने भरलेली पिशवी), सायनसमधली बुरशी आणि साचलेल्या पाण्याशी संबंध असलेला र्‍हायनोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्मजीव हे सगळे डोळ्यात अशा गाठी निर्माण करतात, की त्या पाहून अनुभवी नेत्रतज्ज्ञालाही प्रथमदर्शनी कर्करोगाची शंका यावी. उलट काही कर्करोग सुरुवातीला लाल डोळा, सुजलेली पापणी किंवा हटता हटत नाही अशी रांजणवाडी यांचे सोंग घेऊन येतात.

ही गफलत किती महाग पडू शकते याचा दाखला वैद्यकाच्या इतिहासातच आहे. १९५० मध्ये अमेरिकेतील नेत्रविकृतिशास्त्रज्ञ हेलेनॉर कॅम्पबेल वाइल्डर यांनी शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या मुलांच्या ४६ डोळ्यांची सूक्ष्मदर्शकाखाली नव्याने तपासणी केली. त्यांतले बरेच डोळे कर्करोगाच्या संशयावरून काढलेले होते. ४६ पैकी २४ डोळ्यांत त्यांना जंतांच्या अळ्या किंवा त्यांचे अवशेष सापडले. या अळ्या प्रामुख्याने कुत्र्याच्या पोटात वाढणाऱ्या टॉक्सोकॅरा या जंताच्या असल्याचे पुढे काही वर्षांनी स्पष्ट झाले. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, एमआरआय नव्हता, या जंताविरुद्धची रक्तातली प्रतिपिंडे मोजण्याची सोय नव्हती. आज ते सगळे नाशिकसारख्या शहरात उपलब्ध आहे. तरीही तपासण्यांचा क्रम चुकला किंवा मधेच कोणी भलते औषध सुरू केले, तर आजही निदान भरकटते.

निदान करणे हे डॉक्टरांचेच काम आहे. पण गाठ केव्हापासून आहे, आधी कोणते थेंब घातले, घरात क्षयाचा रुग्ण होता का, काढलेला तुकडा कोणत्या बाटलीत गेला, या गोष्टी पुष्कळदा नातेवाइकांच्या हातात असतात, आणि निदानाची दिशा त्यांवरच ठरते. पुढील मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे.

घरी काय पाहावे आणि काय लिहून ठेवावे

रुग्णाला खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसवावे आणि दोन्ही डोळे एकाच वेळी पाहावेत, कारण एकच डोळा पाहत राहिले की फरक कळत नाही. दोन्ही पापण्या सारख्या उंचीवर आहेत का, एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आलेला वाटतो का, मान स्थिर ठेवून वर-खाली आणि डावी-उजवीकडे पाहायला सांगितले तर दोन्ही डोळे सारखे फिरतात का, एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरचे आकडे वाचता येतात का, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. गाठ दाबून, पिळून किंवा सुईने टोचून पाहू नये. मोबाइलवर समोरून आणि बाजूने छायाचित्र काढावे आणि दर दोन-तीन दिवसांनी, त्याच जागी व त्याच उजेडात, तसेच पुन्हा काढावे. गाठ किती वेगाने वाढते आहे हे तोंडी सांगण्यापेक्षा तारखेसह काढलेल्या छायाचित्रांवरून डॉक्टरांना जास्त नेमके कळते. जुन्या लग्नातले किंवा बारशातले फोटोही सोबत असू द्यावेत; डोळा पुढे आल्याचे घरच्यांच्या लक्षात महिनाभरापूर्वी आलेले असते आणि फोटोत ते वर्षभरापूर्वीच दिसत असते, असे नेहमी घडते.

त्यानंतर एका कागदावर पूर्ण इतिहास लिहावा. घरात किंवा शेजारी कोणाला क्षयरोग झाला होता का, रुग्णाला मधुमेह आहे का, पूर्वी फिट आली होती का, घरात कुत्र्याची पिल्ले आहेत का, मूल माती खाते का, पाझर तलावात, शेततळ्यात किंवा नदीच्या साचलेल्या डोहात पोहण्याची सवय आहे का, पूर्वी स्तनाचा, फुप्फुसाचा किंवा अन्य कोणता कर्करोग झाला होता का, यांची उत्तरे त्यात असावीत. शेवटचा प्रश्न आणि क्षयाचा प्रश्न या दोन ठिकाणी माणसे हमखास माहिती दडवतात. सासूचे स्तनाचे ऑपरेशन झाले होते हे सून डॉक्टरांच्या खोलीबाहेर आल्यावर हळूच सांगते, किंवा मुलीचे लग्न ठरायचे आहे म्हणून वडिलांच्या क्षयाचा उल्लेख टाळला जातो. ही लाज समजण्यासारखी असली, तरी डोळ्याच्या बाबतीत ती परवडणारी नाही.

औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले थेंब घालू नयेत, हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेले असते. त्यामागचे कारण मात्र क्वचित सांगितले जाते. अशा पुष्कळ थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने लाली दोन दिवसांत ओसरते, म्हणून औषध ‘लागू पडले’ असे वाटते, पण आतली बुरशी किंवा क्षयाचे जंतू असतील तर त्यांना मोकळे रान मिळते, आणि लिम्फोमासारखा कर्करोग असेल तर तो तात्पुरता आक्रसून तपासणीत धड ओळखू येईनासा होतो. काही घातले असेलच तर त्याची रिकामी बाटली सोबत न्यावी. मध, तुरटीचे पाणी, कांद्याचा रस किंवा झाडपाल्याचा लेप हे प्रकार केले असतील, तर तेही न संकोचता सांगावेत.

ज्यात रात्र काढायची नाही

मधुमेही व्यक्तीच्या एका बाजूच्या गालात किंवा कपाळात दुखू लागले, चेहऱ्याचा भाग बधिर वाटू लागला, नाकातून काळपट स्राव आला, पापणी पडली किंवा डोळा सुजून पुढे आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसची म्हणजे ‘काळ्या बुरशी’ची जी साथ पाहिली, तिने ही लक्षणे घराघरांत पोहोचवली; पण हा आजार करोनाबरोबर आला आणि त्याच्याबरोबर गेला, असे नाही. साखर अनियंत्रित असलेल्या माणसाला तो त्याआधीही होत होता आणि आजही होतो. त्यात तासांना किंमत असते.

लहान मुलाला ताप आहे, सर्दी झालेली आहे आणि एका डोळ्याची पापणी सुजून बंद झाली आहे, हे दुसरे तातडीचे कारण. सायनसमधला संसर्ग डोळ्याच्या खोबणीत उतरला असेल, तर शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात आणि मुलाला दाखल करावे लागते. नाशिकचे त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालय असो किंवा जवळचे खासगी रुग्णालय, जिथे नेत्रतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सीटी स्कॅन हे तिन्ही मिळतील तिथे सरळ जावे. सुरगाणा, पेठ किंवा इगतपुरीच्या आतल्या पाड्यांवरून येणाऱ्यांनी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक

सगळ्यांत जास्त काळजीपूर्वक वाचावा असा हा भाग आहे. मुलाचा फोटो फ्लॅश लावून काढला असता साधारणपणे दोन्ही बाहुल्या लालसर दिसतात किंवा दोन्ही काळ्या. एक लाल आणि दुसरी पांढरट किंवा पिवळसर दिसली, अथवा संध्याकाळच्या अंधुक उजेडात बाळाचा एक डोळा मांजरासारखा चमकतो असे आईच्या लक्षात आले, तर ते अजिबात झटकून टाकू नये. एखाद्या फोटोत मुलाने तिरके पाहिल्यामुळे निरोगी डोळाही पांढरा दिसू शकतो, म्हणून एका फोटोवरून रडारड करण्याचेही कारण नाही; मात्र आठवड्याच्या आत बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. तिरळेपणालाही हाच नियम लावावा. किंचित तिरळे मूल भाग्याचे असते, ही आपल्याकडची समजूत कित्येक मुलांना उशिरा दवाखान्यात आणते.

पांढरी बाहुली ही जन्मजात मोतीबिंदूची, कोट्स नावाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची, टॉक्सोकॅराच्या अळीची किंवा रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाची असू शकते. रेटिनोब्लास्टोमा हा मुलांच्या डोळ्याच्या आत होणारा सर्वाधिक आढळणारा कर्करोग असून, जन्मणाऱ्या सुमारे १५ ते २० हजार बालकांमागे एकाला तो होतो आणि बहुतेकदा वयाच्या पाच वर्षांच्या आत लक्षात येतो. टॉक्सोकॅराचा त्रास त्यापेक्षा थोड्या मोठ्या, अंगणात व मातीत खेळणाऱ्या मुलांत जास्त दिसतो आणि जवळजवळ नेहमी एकाच डोळ्यात असतो. अळीमुळे पडद्यावर पांढरट गाठ उठते, तिच्यापासून ताणलेले दोर निघतात आणि आतल्या पाण्यात जळमटे साचतात. कर्करोगाच्या गाठीत बहुधा कॅल्शियमचे कण असतात आणि सोनोग्राफीत ते चमकून उठतात. पण ही लक्षणे एकमेकांत मिसळू शकतात, म्हणून वय, सोनोग्राफी, एमआरआय आणि रक्ततपासणी असे सगळे एकत्र ठेवूनच निर्णय होतो. लहान मूल स्थिर राहत नसल्याने भूल देऊन तपासणी करावी लागते. या भुलीला पालक फार घाबरतात. पण दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा कानाकोपरा पाहण्याचा तोच विश्वासार्ह मार्ग आहे.

टॉक्सोकॅराची रक्तचाचणी हाती आली म्हणजे प्रश्न सुटला, असे मानू नये. मातीशी संबंध आलेल्या पुष्कळ निरोगी मुलांच्या रक्तातही ती सकारात्मक येते. अशा चाचणीच्या आधारावर ‘जंतच आहेत, जंतांचे औषध देऊन पाहू’ असे म्हणत दोन-तीन महिने काढले आणि आत कर्करोग निघाला, तर ते महिने परत मिळत नाहीत. म्हणून पाच वर्षांखालील मुलाच्या बाबतीत, कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असे धरूनच तपासण्यांची घाई करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हीच घाई डोळा काढण्याच्या निर्णयात मात्र करू नये. शंका असेल तर मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या, या आजाराचा अनुभव असलेल्या केंद्राचे दुसरे मत घ्यावे.

एका गोष्टीला ठाम नकार द्यावा. रेटिनोब्लास्टोमाची शंका असताना डोळ्यात सुई घालून पाणी किंवा तुकडा काढण्यास कोणी सुचवले, तर तो निर्णय डोळ्यांच्या कर्करोगाच्या तज्ज्ञाशी बोलल्याशिवाय होऊ देऊ नये. सुईच्या वाटेने कर्करोगाच्या पेशी डोळ्याबाहेर पडण्याचा धोका असतो. शरीरातल्या इतर गाठींना लागू पडणारा ‘आधी तुकडा तपासा’ हा नियम इथे लागू नाही. आजार निश्चित झाल्यास धाकट्या-थोरल्या भावंडांचेही डोळे तपासून घ्यावेत, कारण त्याचा एक प्रकार आनुवंशिक असतो.

खेड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, तेव्हा बाळाच्या डोळ्याविषयीची शंका त्यांना आवर्जून सांगावी. पथकाची तारीख लांब असेल, तर तिच्यासाठी थांबू नये. जंतांपासून बचावाचा उपायही इथेच सांगतो. पिल्लांना हा जंत आईच्या गर्भातूनच मिळतो, म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याला जंतनाशक द्यावे. विष्ठेतून पडलेल्या अंड्यांना मातीत संसर्गक्षम व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे अंगणातली विष्ठा रोजच्या रोज उचलली तर धोका मोठ्या प्रमाणात टळतो. कुत्रे हाकलून देण्याची काहीच गरज नाही.

मोठ्या माणसाच्या पडद्यामागची गाठ

प्रौढ व्यक्तीला एका डोळ्याने मधोमध धूसर दिसू लागते, तपासणीत पडद्यामागे पिवळसर उंचवटा दिसतो, आणि डॉक्टर ‘गाठ आहे’ एवढेच म्हणतात. आपल्या देशात अशा गाठीमागे क्षयरोग असण्याची शक्यता नेहमी विचारात घ्यावी लागते. पाश्चात्त्य देशांत याच चित्रावरून प्रथम मेलॅनोमा या रंगपेशींच्या कर्करोगाचा विचार होतो; भारतीयांत डोळ्यातला मेलॅनोमा तुलनेने विरळ आहे. दुसरी शक्यता शरीरात अन्यत्र असलेला कर्करोग डोळ्यात पसरल्याची असते. स्त्रियांमध्ये तो बहुधा स्तनातून आणि पुरुषांमध्ये फुप्फुसातून येतो. म्हणूनच आधी सांगितलेला तो कागद प्रामाणिकपणे भरलेला हवा.

क्षयाच्या तपासणीत मांटू चाचणी, रक्तातील आयग्रा चाचणी आणि छातीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात. इथे एक भ्रम दूर केला पाहिजे. आपल्याकडे क्षयाचा जंतू शरीरात सुप्तपणे बाळगणारी माणसे इतकी आहेत, की मांटू किंवा आयग्रा सकारात्मक आली म्हणून डोळ्यातली गाठ क्षयाचीच, असे ठरत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला म्हणून डोळ्यात क्षय नाही, असेही ठरत नाही. छातीत किंवा मानेत लिम्फच्या गाठी सापडल्या, तर त्यांतला नमुना घेणे डोळ्यातून नमुना घेण्यापेक्षा कितीतरी सोपे व सुरक्षित असते, म्हणून ‘डोळ्याला छातीचा स्कॅन कशाला’ अशी कुरकुर करू नये. नमुन्यातील क्षयजंतूंचा जनुकीय शोध घेणारी सीबीनॅट चाचणी आणि क्षयाची औषधे शासकीय कार्यक्रमातून मोफत मिळतात. खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असले तरी त्यासाठी नोंदणी करून घेता येते.

औषधे साधारण सहा ते नऊ महिने, कधी त्याहून जास्त काळ घ्यावी लागतात. त्यांतल्या इथॅम्ब्युटॉल या गोळीने क्वचित डोळ्याच्या मज्जातंतूला अपाय होतो. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक अंतराने नजर व रंगज्ञान तपासून घ्यावे. लाल रंग फिका वाटू लागला, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता डॉक्टरांना कळवावे.

डोळा पुढे येतो तेव्हा

डोळ्याच्या खोबणीतील गाठीचे आपल्याकडचे एक वारंवार आढळणारे आणि बरे होणारे कारण म्हणजे पट्टकृमीची पुटी. तरुण मुलगा किंवा मुलगी, एका डोळ्याला अधूनमधून सूज, एका विशिष्ट दिशेला पाहिले की दुखणे आणि एकाची दोन दिसणे, असे चित्र असते. सीटी स्कॅनच्या अहवालात कधी नुसते ‘स्नायूतील गाठ’ असे लिहून येते आणि घर हादरते. अशा वेळी डोळ्याची सोनोग्राफी नीट करून घ्यावी. बंद पापणीवर जेल लावून दहा मिनिटांत होणाऱ्या या तपासणीत, डोळा हलवणाऱ्या स्नायूच्या आत पाण्याने भरलेली एक काळी गोल पोकळी दिसते आणि तिच्या भिंतीला चिकटलेला एक ठळक पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे कृमीचे डोके. तो स्पष्ट दिसला की कर्करोगाची भीती बरीचशी मिटते. पुटी फुटलेली असेल किंवा कृमी मेलेला असेल, तर मात्र ठिपका दिसत नाही आणि गाठ घट्ट वाटू लागते. तिथे अनुभवी डोळ्यांची गरज पडते.

‘आम्ही माळकरी, आमच्या घरात अंडेही शिजत नाही, मग हा कृमी आला कोठून’, हा प्रश्न नाशिककडच्या घरांत हमखास विचारला जातो. डुकराचे कच्चे मांस खाल्ल्याने पोटात पट्टकृमी होतो. डोळ्यातली किंवा मेंदूतली पुटी मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने होते. ही अंडी कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, मातीत, भाजीवर आणि न धुतलेल्या हातांवर येतात. कोथिंबीर, पालक, गाजर आणि मुळा वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुणे हा त्यावरचा रोजचा उपाय आहे. कोबीची वरची पाने काढून टाकावीत.

पुटी स्नायूत असेल तर अल्बेंडॅझोल आणि त्याबरोबर स्टेरॉइड अशा गोळ्यांनी ती विरघळते. पण गोळ्या सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासलेल्या असल्याच पाहिजेत: मेंदूत अशाच पुट्या आहेत का, आणि नेत्रगोलाच्या आत आहे का. नेत्रगोलाच्या आतली पुटी शस्त्रक्रियेने काढण्याआधी गोळ्या दिल्या, तर मरणाऱ्या कृमीमुळे होणाऱ्या दाहात नजर जाऊ शकते. शाळेत मिळणारी जंताची गोळी आणि हा उपचार यांत गल्लत करून मनानेच औषध घेऊ नये.

बुरशीचा दुसरा एक प्रकार संथ असतो. ॲस्परजिलस ही बुरशी सायनसमध्ये महिनोन्महिने वाढून डोळा हळूहळू पुढे ढकलते; वेदना फारशा नसतात, ताप नसतो, आणि स्कॅनमध्ये हाड झिजलेले दिसल्याने कर्करोगाची शंका येते. इथे तुकडा तपासल्याशिवाय उत्तर मिळत नाही. मुलांच्या बाबतीत उलटी गफलत जास्त घातक ठरते. ताप नाही, पण डोळा काही दिवसांत भराभर पुढे आला, तर ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा या स्नायूंच्या कर्करोगाचा विचार व्हायलाच हवा. संसर्ग समजून शिरेतून प्रतिजैविके सुरू केली आणि ४८ तासांत उतार पडला नाही, तर ‘आता पुढची तपासणी कोणती’ असे डॉक्टरांना नम्रपणे पण नक्की विचारावे. सुजलेल्या पापणीआडची बाहुली पाहिली का, हेही विचारावे, कारण रेटिनोब्लास्टोमा कधीकधी केवळ सुजेच्या रूपात समोर येतो. रक्ताचा साधा सीबीसीही करावा. ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) असेल तर त्याचा सुगावा त्यात बहुधा लागतो.

पापणी आणि डोळ्याचा पृष्ठभाग

पापणीच्या आतल्या बाजूला किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात गुलाबी, मऊ, हात लावताच रक्त येणारा कोंब दिसला, तर त्याचा पृष्ठभाग भिंगातून पाहण्याची विनंती करावी. र्‍हायनोस्पोरिडियमच्या गाठीवर मोहरीहूनही बारीक असे पांढरट ठिपके विखुरलेले असतात. ते म्हणजे बीजाणूंनी भरलेल्या पिशव्या. तळ्यांत पोहणारी मुले आणि नदीतून वाळू काढणारे मजूर यांच्यात हा आजार जास्त आढळतो. गोळ्यांचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. गाठ मुळासकट काढून तळ जाळावा लागतो, आणि तरीही ती पुन्हा उगवू शकते.

रांजणवाडी बहुधा आठ-दहा दिवसांत शेकाने बसते. पण पन्नाशीपुढच्या माणसाला एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, तिथल्या पापणीचे केस गळले असतील किंवा कडा जाड झाली असेल, तर तैलग्रंथीच्या कर्करोगाची शंका घ्यावी. आपल्याकडे पापणीच्या कर्करोगांत याचे प्रमाण लक्षणीय आहे. अशी गाठ चिरून आतला मळ फेकून देऊ नये, तो तपासणीला पाठवावा. डोळ्यांची साथ येते, जशी २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर आली, तेव्हा डोळे बहुधा दोन्ही येतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बरे होतात. महिनाभर एकच डोळा लाल राहिला, तर ती साथ नव्हे. नाकाजवळच्या अश्रुपिशवीची सूज बहुतेकदा संसर्गाची असते. मात्र ती सूज डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या रेषेच्या वर सरकली असेल, किंवा अश्रूंतून रक्त येत असेल, तर स्कॅन करून घ्यावा.

औषध देऊन पाहताना

कधी कधी निदान पक्के होत नाही आणि डॉक्टर औषध देऊन परिणाम पाहण्याचा मार्ग सुचवतात. तो चुकीचा नाही. परंतु त्याला मुदत असली पाहिजे. ‘किती दिवसांत काय बदल दिसायला हवा, आणि दिसला नाही तर पुढे काय’ या दोन प्रश्नांची उत्तरे केसपेपरवर लिहून घ्यावीत. क्षयाच्या गाठीसाठी ही मुदत चार ते सहा आठवड्यांची असते, खोबणीतल्या तीव्र संसर्गासाठी दोन दिवसांची. नुसत्या स्टेरॉइडने गाठ लहान झाली, तर ती संसर्गाची होती किंवा साध्या सुजेची होती, यातले काहीच सिद्ध होत नाही.

तुकडा काढताना

बायॉप्सी ठरली की शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एक प्रश्न आवर्जून विचारावा: नमुना किती बाटल्यांत जाणार आहे? कर्करोगाच्या तपासणीसाठी तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात, आणि फॉर्मलिनमध्ये जंतू व बुरशी मरतात. सगळा तुकडा त्याच बाटलीत गेला, तर नंतर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, होऊ शकत नाही आणि सीबीनॅटसाठीही तो नमुना चालत नाही. संसर्गाची शंका असेल, तर तुकड्याचा एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा ठेवून त्याच दिवशी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. लहान रुग्णालयांत हे नमुने पुष्कळदा नातेवाइकांच्याच हाती दिले जातात. प्रत्येक बाटलीवर रुग्णाचे नाव, कोणता डोळा आणि वेळ लिहिलेली आहे का, झाकण घट्ट आहे का, आणि सोबतच्या चिठ्ठीत ‘क्षय, बुरशी व कर्करोग या तिन्हींसाठी तपासणी’ असा उल्लेख आहे का, हे घेतानाच पाहावे.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेपूर्वीच भेटावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे.

दुसऱ्या मतासाठी मुंबईला निघताना अहवालाच्या झेरॉक्सवर भागत नाही. स्कॅनची सीडी, काचेच्या मूळ स्लाइड आणि तुकडा ज्या मेणात जपून ठेवलेला असतो तो पॅराफिन ब्लॉक, हे तिन्ही प्रयोगशाळेकडून लेखी अर्ज करून घ्यावेत. बऱ्याचदा तिथले विकृतिशास्त्रज्ञ त्याच ब्लॉकमधून नवे काप घेऊन क्षय व बुरशीसाठी वेगळे रंग देऊन पाहतात, आणि रुग्णाची दुसरी बायॉप्सी टळते. पहाटेच्या गाडीने दादरला उतरणार असाल तर स्लाइड कापसात गुंडाळून कडक डबीत ठेवाव्यात. चारचाकीने जाणार असाल तर ब्लॉक उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नये, कारण उष्णतेने मेण मऊ पडून आतला तुकडा खराब होऊ शकतो.